हिरव्या शैवालांच्या पेशी आणि त्यांचा सामू: पटलातल्या प्रथिनांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवशास्त्राचे विद्यार्थी, प्रयोगशाळेत शैवालं वाढवणारे आणि निव्वळ कुतूहलापोटी वाचणारे, अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः तीन शैवालांची आहेत. क्लॅमिडोमोनस ही दोन कशाभिकांनी (चाबकासारख्या शेपट्यांनी) पोहणारी एकपेशीय, क्लोरेला ही गोल आणि न पोहणारी, तर कारा ही एकेक पेशी काही सेंटिमीटर लांब असणारी. तिघी हिरव्याच आहेत, पण प्रोटॉनशी प्रत्येकीचा व्यवहार वेगळा आहे.

सामू ७ म्हणजे पेशीच्या आत नेमके किती प्रोटॉन?

सामू, म्हणजेच पीएच, ही मोजपट्टी सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये मांडली. तिच्यावर एक अंक खाली आलं की मोकळे हायड्रोजन आयन, म्हणजे प्रोटॉन, दसपट होतात. एवढं शाळेत शिकवतात. पण हाच आकडा पेशीच्या मापात उतरवून पाहिला की तो वेगळाच दिसू लागतो. सामू ७ असताना एका घन मायक्रोमीटर पाण्यात मोकळे प्रोटॉन असतात सुमारे ६०. हे लाखांत किंवा हजारांतही नाहीत, फक्त साठ! क्लॅमिडोमोनसचा व्यास साधारण १० मायक्रोमीटर असतो. ती गोल आहे आणि सगळी सामू ७ वर आहे असं धरलं, तर पूर्ण पेशीत मिळून तीसेक हजार मोकळे प्रोटॉन होतील.

एवढ्या मूठभर प्रोटॉनांवर पेशी जगते कशी? कारण त्यांच्यामागे मोठा साठा उभा असतो. प्रथिनं, फॉस्फेट, सेंद्रिय आम्लं यांना चिकटलेले प्रोटॉन लागतील तसे सुटतात आणि जास्त झाले की पुन्हा चिकटतात. यालाच बफर म्हणतात. पेशीद्रवाची बफरक्षमता दर लिटरला, सामूच्या एका अंकामागे, २० मिलिमोलच्या आसपास धरली, तर एका घन मायक्रोमीटरमध्ये सामू ७ वरून ६ वर आणायला सुमारे १ कोटी २० लाख प्रोटॉन आत ढकलावे लागतात. मोकळ्यांची संख्या मात्र ६० वरून ६०० वरच जाते. बाकीचे सगळे बफर गिळून टाकतो.

म्हणून सामूविषयी विचार करताना मी आधी विचारते, प्रोटॉन कुठून कुठे चालले आहेत? आकडा हा त्या वाहतुकीचा परिणाम असतो.

पेशीत सगळीकडे एकच सामू असतो का?

मुळीच नाही. पेशीद्रव साधारण ७ ते ७.५ च्या दरम्यान राहतो. हरितलवकाच्या आतला द्रव, ज्याला स्ट्रोमा म्हणतात, अंधारात ७ च्या जवळपास असतो आणि उजेड पडला की ८ कडे जातो. त्याच हरितलवकातल्या थायलाकॉइड नावाच्या चपट्या पिशव्यांची पोकळी उजेडात ६ च्या आसपास किंवा त्याखाली उतरते. रिक्तिका, म्हणजे पेशीतली द्रवाने भरलेली पिशवी, आम्लधर्मी. पेशीला आणि तिच्या कप्प्यांना वेढणाऱ्या पातळ पडद्याला पटल म्हणतात. म्हणजे काही नॅनोमीटर जाडीच्या या पटलाच्या एका बाजूला प्रोटॉन दुसऱ्या बाजूच्या शंभरपट असू शकतात, आणि पेशी हा फरक दिवसभर टिकवून धरते.

प्रोटॉन इतका लहान, मग तो पटलातून आपसूक का जात नाही?

पटलाचा गाभा तेलकट असतो आणि प्रोटॉनवर विद्युतभार असतो. भार असलेल्या कणाला तेलात शिरणं फार महाग पडतं. थोडी गळती होते, पण पेशीचा कारभार गळतीवर चालत नाही. तो चालतो पटलात आरपार रुतलेल्या प्रथिनांवर.

ही प्रथिनं ढोबळमानाने तीन तऱ्हांची. पंप ऊर्जा खर्च करून प्रोटॉन उताराविरुद्ध चढवतात. वाहिन्या म्हणजे दारं. दार उघडलं की आयन उताराने आपोआप वाहतात. आणि वाहक प्रथिनं एकाच्या उताराचा फायदा घेऊन दुसऱ्याला चढ चढवतात. पुढचे सगळे प्रश्न या तिघांच्या संगनमताविषयी आहेत.

बाहेरच्या पटलावरचा प्रोटॉन पंप कसा चालतो?

हा पी-प्रकारचा पंप. एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन. त्यातला फॉस्फेट तो स्वतःच्या एका ॲस्पार्टेट या अमिनो आम्लावर घेतो, त्यासरशी त्याचा आकार बदलतो आणि आत पकडलेला प्रोटॉन बाहेर सोडला जातो. मग फॉस्फेट गळून पडतो आणि पंप मूळ आकारात येतो. हिशेब सरळ आहे: एक एटीपी, एक प्रोटॉन.

जमिनीवरच्या वनस्पतींतही हाच पंप असतो. त्यांच्या पंपाच्या शेपटीकडून दुसऱ्या जागी एक थ्रिओनिन असतं. त्यावर फॉस्फेट बसला की पंपाचा जोर वाढतो. क्लॅमिडोमोनसच्या पंपात ही कळ नाही. कारासारखी शैवालं ज्या शाखेत येतात, त्या शाखेत पुढे कधीतरी ती आली आणि वनस्पतींनी ती उचलली. त्यामुळे वनस्पतींच्या पंपाविषयीचं वाचन शैवालांना जसंच्या तसं लावू नका. ही चूक मी अनेक प्रकल्प-अहवालांत पाहिली आहे.

पंप चालू झाला की पेशीद्रवाचा सामू लगेच वाढतो का?

नाही. हा प्रश्न फार मोलाचा आहे, म्हणून थोडा हिशेब करू.

पेशीचं पटल विद्युत धारित्रासारखं वागतं. दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ मायक्रोफॅरड. १० मायक्रोमीटर व्यासाच्या पेशीतून सुमारे २० लाख प्रोटॉन बाहेर गेले, की आतबाहेरचं विभवांतर १०० मिलिव्होल्टनी बदलतं. हा मोठा बदल झाला. पण तेवढ्याच २० लाख प्रोटॉनांनी सामू किती बदलेल? वरचा बफरचा आकडा घेतला तर त्या पेशीत एका अंकासाठी ६०० कोटींहून जास्त प्रोटॉन हलवावे लागतात. म्हणजे बदल ०.०००३ चा. मोजताही येणार नाही इतका.

याचा अर्थ असा की पंपाचा पहिला परिणाम विजेवर होतो. आतली बाजू ऋण होत जाते आणि पुढचा प्रत्येक प्रोटॉन बाहेर ढकलणं कठीण होतं. सामू खरोखर बदलायचा तर बाहेर गेलेल्या धन भाराच्या जागी दुसरा धन भार आत यायला हवा, किंवा ऋण भार बाहेर जायला हवा. हे काम बहुतेक वेळा पोटॅशियमच्या वाहिन्या करतात. म्हणून सामूच्या नियमनात पोटॅशियमची वाहिनी पंपाइतकीच महत्त्वाची असते. पुस्तकांतल्या आकृत्यांमध्ये ती बहुधा कोपऱ्यात दाखवलेली असते, तिला मधोमध जागा मिळायला हवी.

एवढा एटीपी खर्चून प्रोटॉन बाहेर टाकायचे आणि मग पुन्हा आत घ्यायचे, यात पेशीला काय मिळतं?

अन्न मिळतं. बाहेर टाकलेला प्रोटॉन परत येताना रिकाम्या हाती येत नाही. क्लोरेलाच्या पटलात एचयूपी१ नावाचा वाहक आहे. तो एका प्रोटॉनसोबत ग्लुकोज आत आणतो. टॅनर यांच्या प्रयोगशाळेने क्लोरेलावर प्रोटॉन-साखर सहवहनाचं काम १९७० च्या दशकात उभं केलं आणि या वाहकाचं जनुक १९८९ मध्ये हाती आलं. नायट्रेटही असंच प्रोटॉनांच्या जोडीने आत येतं. सूक्ष्म प्रमाणात असलेली पोषकं पाण्यातून वेचून घ्यायची तर कुठला तरी उतार हाताशी हवा, आणि गोड्या पाण्यात तो मुख्यतः प्रोटॉनांचा असतो.

माझ्या संवर्धनातल्या पाण्याचा सामू आपोआप बदलतो. चूक कुठे होते आहे?

बहुधा चूक नसतेच. नायट्रोजन कुठल्या रूपात दिला आहे ते पाहा. अमोनियम दिला असेल तर पेशी तो प्रथिनांत बसवते आणि उरलेला प्रोटॉन बाहेर टाकते, त्यामुळे पाणी आम्लधर्मी होत जातं. बफर कमी असेल तर दोनतीन दिवसांत वाढच थांबते. नायट्रेट दिलं तर उलटं: प्रोटॉन वापरले जातात, पाण्याचा सामू चढतो. क्लॅमिडोमोनससाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ट्रिस-ॲसिटेट-फॉस्फेट माध्यमात अमोनियमही आहे आणि ॲसिटेटही. ॲसिटेट खाल्लं गेलं की सामू वर जातो. दोन्हींची ओढाताण आणि ट्रिसचा बफर यांतून अंतिम आकडा ठरतो.

उजेडात कार्बन डायऑक्साइड ओढला गेल्यामुळे होणारी चढ ही आणखी वेगळी. दाट हिरव्या तळ्याचा सामू दुपारी ९ च्या वर जाऊन पहाटेपर्यंत खाली आलेला दिसतो, तो यामुळेच. संवर्धनाचा सामू नोंदवताना वेळही नोंदवा.

रिक्तिका आम्लधर्मी कशी राहते?

तिथे दोन पंप आहेत. एक व्ही-प्रकारचा. हा खरोखर फिरणारा यंत्रभाग आहे: वरचा भाग एटीपी फोडतो, त्या जोरावर पटलातलं चक्र फिरतं आणि प्रोटॉन आत लोटले जातात. दुसरा पंप पायरोफॉस्फेटवर चालतो. पायरोफॉस्फेट हा पेशीतल्या जोडकामांतून उरणारा माल, म्हणजे टाकाऊतून ऊर्जा.

क्लॅमिडोमोनसच्या आकुंचनशील रिक्तिकेच्या पटलावरही हे पंप सापडतात. गोड्या पाण्यात राहणाऱ्या पेशीत पाणी सतत शिरत असतं आणि ही रिक्तिका ते उपसून टाकते. म्हणजे प्रोटॉनांचा पंप इथे पेशी फुटू न देण्याच्या कामी आला आहे.

थायलाकॉइडमध्ये सामू एवढा का उतरतो? ते पेशीला घातक नाही का?

तो उतार म्हणजेच प्रकाशसंश्लेषणाची कमाई. पाण्याचं विघटन होऊन ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो तेव्हा पोकळीत चार प्रोटॉन पडतात. इलेक्ट्रॉन पुढे सायटोक्रोम बी६एफ या संकुलातून जाताना आणखी आठ प्रोटॉन स्ट्रोमातून पोकळीत येतात. या संकुलाची रचना क्लॅमिडोमोनसमधून २००३ मध्ये उलगडली. साठलेले प्रोटॉन मग एटीपी सिंथेजमधून बाहेर पडतात आणि ते चक्र फिरवून एटीपी घडवतात.

प्रोटॉनांचा उतार हीच ऊर्जा, ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली तेव्हा अनेकांना ती पटली नाही. १९६६ मध्ये यागेनडॉर्फ आणि उरिबे यांनी पालकाची हरितलवकं आधी सामू ४ च्या द्रवात भिजवली आणि मग अंधारातच सामू ८ च्या द्रवात टाकली. उजेड नाही, इलेक्ट्रॉनांची ये-जा नाही, तरीही एटीपी तयार झाला. विज्ञानातले इतके साधे आणि इतके निर्णायक प्रयोग मोजकेच असतील. मिचेल यांना १९७८ मध्ये नोबेल मिळालं.

आता धोक्याचं. ऊन फार झालं की प्रोटॉन खर्चापेक्षा जास्त साठतात. त्यावर दोन लगाम आहेत. पहिला बी६एफ संकुलाचाच: पोकळी फार आम्लधर्मी झाली की त्याची गती मंदावते आणि इलेक्ट्रॉनांचा ओघ आपोआप कमी होतो. दुसरा लगाम एलएचसीएसआर३ या पटल-प्रथिनाचा. त्याच्या पोकळीकडच्या बाजूला ग्लुटामेट आणि ॲस्पार्टेट ही अमिनो आम्लं आहेत. सामू उतरला की त्यांवर प्रोटॉन बसतात, प्रथिनाची ठेवण बदलते आणि हरितद्रव्याने पकडलेली जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून दिली जाते. क्लॅमिडोमोनसमध्ये या प्रथिनाची भूमिका २००९ मध्ये स्पष्ट झाली. ज्या उत्परिवर्तित पेशींत ते नसतं, त्या तीव्र उजेडात मार खातात. वनस्पतींत हेच काम पीएसबीएस नावाचं दुसरं प्रथिन करतं.

पोकळीतला सामू इथे तीन भूमिका एकाच वेळी निभावतो: ऊर्जेचा साठा, धोक्याची सूचना आणि (पुढच्या प्रश्नात दिसेल तसं) रसायनाची भट्टी.

कार्बन डायऑक्साइड आणि सामू यांचा संबंध काय?

फार जवळचा. कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजारपट हळू पसरतो. त्याची वाट पाहत बसलं तर शैवाल उपाशी मरेल. पाण्यात कार्बन असतो तो बराचसा बायकार्बोनेटच्या रूपात, आणि तो भार असलेला आयन असल्याने पटलातून आपण होऊन जात नाही. मग क्लॅमिडोमोनसने प्रथिनांची एक साखळीच उभारली आहे.

बाहेरच्या पटलावर एचएलए३ आणि एलसीआय१ बायकार्बोनेट किंवा कार्बन डायऑक्साइडला आत येऊ देतात. हरितलवकाच्या आवरणावर एलसीआयए त्याला पुढे सोडतं. थायलाकॉइडच्या पटलावर बेस्ट्रोफिन कुळातली तीन प्रथिनं, बीएसटी१, २ आणि ३, त्याला पोकळीत उतरवतात. २०१९ मध्ये दाखवलं गेलं की या तिघांचं प्रमाण एकत्र घटवलं तर पेशी साध्या हवेवर नीट वाढू शकत नाही.

हे सगळं कशासाठी? इथेच सामूचा डाव आहे. सामू ८ च्या स्ट्रोमात कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे बायकार्बोनेटचे सुमारे ४५ असतात. म्हणजे कार्बन सांडत नाही, साठून राहतो. सामू ५.७ च्या पोकळीत पारडं उलटतं आणि कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटच्या चारपट होतो. तिथे सीएएच३ नावाचं विकर हे रूपांतर झटक्यात करतं. ही पोकळी असलेल्या नळ्या पायरेनॉइडमध्ये शिरलेल्या असतात. पायरेनॉइड म्हणजे हरितलवकातला रुबिस्कोने, म्हणजे कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या विकराने, गच्च भरलेला गोळा. कार्बन डायऑक्साइड सुटतो तो नेमका रुबिस्कोच्या दारात.

एक मेख मात्र लक्षात ठेवायला हवी. बायकार्बोनेटचा एक रेणू कार्बन डायऑक्साइड होतो तेव्हा एक प्रोटॉन खर्ची पडतो. म्हणजे ही भट्टी पेटती ठेवायला पोकळीत प्रोटॉनांचा पुरवठा चालू हवा. नेहमीच्या इलेक्ट्रॉन-वाटेखेरीज चक्राकार वाट आणि ऑक्सिजनकडे जाणारी आडवाट या दोन्ही मिळून तो पुरवतात, हे २०२२ मध्ये क्लॅमिडोमोनसवरच दाखवण्यात आलं. या आडवाटा म्हणजे निव्वळ सुरक्षाझडपा, असं आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो होतो. त्या कार्बनची कमाई करून देतात हे वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

काराच्या पेशीवर आम्लधर्मी आणि अल्कधर्मी पट्टे असतात म्हणे. ते काय प्रकरण आहे?

हे डोळ्यांनी पाहता येतं, म्हणून आधी पाहायचं कसं ते सांगते. काराच्या दोन पेरांमधली लांब पेशी सुटी करा. फिनॉल रेड हा दर्शक मिसळलेल्या पातळ अगारमध्ये ती ठेवा आणि उजेडात थांबा. काही वेळाने पेशीच्या कडेने पिवळे आणि गुलाबी-लाल पट्टे एकाआड एक उमटू लागतात. पिवळं आम्लधर्मी, लाल अल्कधर्मी. पेशी एकच, तिच्या आत भिंती नाहीत, आतला द्रव सेकंदाला ५० ते १०० मायक्रोमीटर वेगाने गोल फिरतो आहे, तरीही बाहेर हे पट्टे स्थिर! आतला हा प्रवाह कोर्ती यांनी १७७४ मध्येच पाहिला होता. पट्ट्यांचं मोजमाप मात्र विसाव्या शतकात झालं. १९६९ मध्ये काराच्या नात्यातल्या निटेलावर प्रोटॉनांच्या जागा ठरवणारं काम प्रसिद्ध झालं.

आम्लधर्मी पट्ट्यात प्रोटॉन पंप जोरात चालतो. त्या भागात बाहेरचं पटल घड्या घालून आत वळलेलं असतं. या घड्यांना कारासोम म्हणतात, आणि त्यांच्यामुळे पंप बसवायला जास्त जागा मिळते. पेशीभोवतीच्या पाण्याचा सामू इथे उतरतो, बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो भार नसलेला रेणू सहज आत शिरतो. क्लॅमिडोमोनस जे काम पेशीच्या पोटात करते, ते कारा अंगावर करते.

पण प्रोटॉन बाहेर जात राहिले आणि आत काहीच परतलं नाही, तर पेशीद्रव अल्कधर्मी होईल आणि वर पाहिलं तसं विभवांतर पंपाला अडवील. म्हणून शेजारच्या पट्ट्यात उलट वाहतूक असते. तिथे प्रोटॉन आत येतात किंवा हायड्रॉक्साइड बाहेर जातो. विजेच्या मोजमापाने या दोघांत फरक करता येत नाही, आणि त्यावर संशोधकांत दीर्घकाळ वाद आहे. तिथला सामू ९.५ च्या पुढे जाऊ शकतो. पाण्यात कॅल्शियम असेल तर त्या जागी चुन्याचा थर बसतो. काराची फांदी बोटांत खरखरीत लागते ती याच चुन्यामुळे.

अंधार केला की पट्टे विरतात. उजेड आला की परत उमटतात, कधी कधी थोड्या सरकलेल्या जागी. पट्ट्यांची जागा कायमची कोरलेली नाही. पेशी ती पुन्हा पुन्हा मांडते.

शैवालांच्या ‘डोळ्यातलं’ प्रथिनही प्रोटॉन वाहतं, हे खरं का?

खरं आहे. क्लॅमिडोमोनसच्या नेत्रबिंदूवरच्या पटलात चॅनलरोडॉप्सिन नावाची दोन प्रथिनं असतात. सात वेळा पटल ओलांडणारी साखळी आणि तिच्या पोटात प्रकाश टिपणारा रेणू, रेटिनल. निळा-हिरवा प्रकाश पडला की रेटिनलला बाक येतो आणि वाहिनी उघडते. पहिल्या प्रथिनाचं वर्णन २००२ मध्ये नागेल, हेगेमान आणि सहकाऱ्यांनी केलं तेच ‘प्रकाशाने उघडणारी प्रोटॉन-वाहिनी’ असं. २००३ मध्ये दुसरं आलं, ज्यातून सोडियमसारखे धन आयनही जातात. आत शिरलेल्या भाराने पटलाचं विभवांतर घसरतं, ती खबर कशाभिकांपर्यंत पोचते आणि पेशी वळते.

पुढे २००५ मध्ये हेच प्रथिन चेतापेशींत घालून त्यांना प्रकाशाने चेतवण्यात आलं. २०२१ मध्ये रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या विकाराने अंध झालेल्या एका रुग्णाला अंशतः दृष्टी परत मिळाल्याचं प्रसिद्ध झालं. त्यात वापरलेलं प्रथिनही क्लॅमिडोमोनसच्याच एका दुसऱ्या जातीतून घेऊन सुधारलेलं होतं.

सामू १ च्या पाण्यात एखादं हिरवं शैवाल जगू शकतं?

ड्युनालिएला ॲसिडोफिला जगते, आणि तिला तेच मानवतं. तिच्या आतला सामू मात्र ७ च्या आसपास असतो. म्हणजे पटलाच्या दोन बाजूंत प्रोटॉनांचा फरक दहा लाखपट!

इथे पंपाची मर्यादा कशी कसाला लागते ते पाहण्यासारखं आहे. सामूचा एक अंक म्हणजे सुमारे ५९ मिलिव्होल्टचा चढ. सहा अंकांचे झाले साधारण ३५४. एका एटीपीत साधारण ५०० मिलिव्होल्ट चढवण्याइतकी ताकद असते. नेहमीच्या शैवालासारखी आतली बाजू १८० मिलिव्होल्टनी ऋण असती, तर एकूण चढ ५३० च्या वर गेला असता आणि एक एटीपी एका प्रोटॉनला पुरला नसता. या शैवालात आतली बाजू ऋण नसून किंचित धन मोजली गेली आहे. विजेचा चढ काढून टाकला म्हणून सामूचा चढ झेपतो. पंपाची संख्याही तिच्या पटलात भरपूर असते.

आम्लधर्मी खाणपाण्यातल्या क्लॅमिडोमोनस युस्टिग्माचा जीनोम २०१७ मध्ये वाचला गेला. तिच्यात पंपाचं जनुक जोरात व्यक्त होतं, आणि आत आम्ल तयार करणारे किण्वनाचे मार्ग तिने गमावले आहेत. बाहेरचं आम्ल उपसायचं आणि घरात नवं होऊ द्यायचं नाही.

समुद्रातल्या हिरव्या शैवालांचं काय?

समुद्राचा सामू ८.१ च्या आसपास, म्हणजे पेशीद्रवाहून जास्त. तिथे सामूचा उतार आतून बाहेर असतो, त्यामुळे प्रोटॉन हे परतीचं वाहन म्हणून तितकं कामाचं राहत नाही. सोडियम मात्र मुबलक. टेट्रासेल्मिससारख्या शैवालांत सोडियम बाहेर टाकणारा पी-प्रकारचा पंप आहे. ॲसिटाब्युलारिया तर क्लोराइड आत ओढणाऱ्या पंपावर आपलं विभवांतर उभं करते.

सायनोबॅक्टेरियांनाही हे सगळं लागू होतं का?

थेट नाही. त्या जिवाणू आहेत, त्यांना हरितलवक नाही. थायलाकॉइडचं तत्त्व जुळतं, बाकीची प्रथिनं वेगळी तपासावी लागतात.

पेशीच्या आतला सामू मोजतात कसा?

पाण्यात सामूमापक बुडवून तो कळत नाही, हे आधी मनात पक्कं करा. पेशीद्रवासाठी बीसीईसीएफसारखा चमकणारा रंग वापरतात. दोन तरंगलांबींच्या प्रकाशाने उद्दीपित करून मिळालेल्या चमकांचं गुणोत्तर सामू सांगतं. हरितद्रव्याची स्वतःची लाल चमक मध्ये येते, म्हणून गाळणी योग्य हवी. पेशीभित्तिकेमुळे रंग आत जात नसेल तर भित्तिका नसलेले वाण घेतात. काराच्या पेशीत सरळ सूक्ष्म विद्युतअग्र खुपसता येतं. फॉस्फरसच्या एनएमआरमध्ये फॉस्फेटचं शिखर सामूनुसार सरकतं, पण त्याला पेशी फार दाट लागतात. थायलाकॉइडसाठी ५२० नॅनोमीटरजवळचा शोषणातला सरकाव पाहतात. तो मुख्यतः विभवांतर दाखवतो आणि सामूचा वाटा त्यातून वेगळा काढावा लागतो.

एकच पद्धत वापरून ०.१ च्या फरकावर निष्कर्ष बांधू नका. दर प्रयोगात, त्याच पेशींवर, ज्ञात सामूच्या द्रवात नायजेरिसिन (आतबाहेरचा सामू सारखा करणारं द्रव्य) घालून मोजपट्टी बसवा.

कुठला पंप काम करतो आहे हे ओळखायला कोणतं औषध वापरावं?

व्हॅनाडेट पी-प्रकाराला अडवतं. बॅफिलोमायसिन आणि कॉनकॅनामायसिन व्ही-प्रकाराला. डीसीएमयू उजेडातला इलेक्ट्रॉनांचा ओघ सुरुवातीलाच थांबवतं. एफसीसीपी सगळेच प्रोटॉन-उतार मोडतं, म्हणून त्यातून ‘कुठला पंप’ हे उत्तर मिळत नाही. व्हॅनाडेट अखंड पेशीत सहज शिरत नाही. परिणाम दिसला नाही, तर पंपच नाही असं म्हणायची घाई करू नका.

ॲसिटिक आम्ल घातल्यावर क्लॅमिडोमोनसच्या कशाभिका गळतात, पण त्याच सामूला हायड्रोक्लोरिक आम्लाने तसं होत नाही. असं का?

कारण पटल सामू पाहत नाही, ते रेणू पाहतं. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पूर्ण सुटतं आणि उरतात भार असलेले आयन. त्यांना पटल अडवतं. ॲसिटिक आम्ल सामू ४.५ ला बऱ्याच प्रमाणात अखंड असतं. प्रोटॉन त्याच्या अंगावर झाकलेला, भार शून्य. ते तेलकट पटलातून सरळ आत उतरतं आणि ७ च्या जवळ असलेल्या पेशीद्रवात पोचल्यावर प्रोटॉन सोडून देतं. कुठलंही प्रथिन वापरावं लागत नाही, म्हणून कुठलंही प्रथिन त्याला अडवूही शकत नाही. पेशीद्रव आम्लधर्मी होतो, टीआरपी१५ या वाहिनीच्या मार्फत कॅल्शियम आत येतं आणि काही सेकंदांत दोन्ही कशाभिका बुडाशी तुटतात. या वाहिनीत दोष असलेल्या उत्परिवर्तित पेशी आम्लात ठेवल्या तरी कशाभिका टाकत नाहीत. त्यांच्यावरूनच २०१६ मध्ये हे जनुक ओळखलं गेलं.

घाबरून संवर्धन फेकू नका. सामू लगेच ७ वर आणलात तर पंप आतला जादा प्रोटॉन उपसून टाकतात आणि दोनेक तासांत पेशी पुन्हा पोहताना दिसतात.